लिंगीच्या डोंगरावरचा टोन

"तुमी हात लावलाय त्याला."

"न्हाई लावला."

"आबा, तीन वेळा सेटचं बटण दाबलं म्या. अंगणातनं दाबलं, पाण्याच्या टाकीवर चढून दाबलं. हूं न्हाई का चूं न्हाई. कालपतुर तर चालत हुता डोंगरावरचा रिपीटर."

"बॅटरी उतरली आसंल."

"मे महिना हाय. एवढं ऊन आन डोक्यावर पॅनल. बॅटरी कशी उतरंल?"

"मग वाऱ्यानं वायर हालली आसंल."

"कसला वारा? पान हालंना सकाळधरनं. तुमी टोन बदललाय."

कोंडीबाच्या मांडीवर शेजारच्या वस्तीवरून दुरुस्तीला आलेला मिक्सर होता. त्यानं त्याचा एक स्क्रू काढला आणि दाताखाली धरला. दाताखाली स्क्रू असला की बोलावं लागत नाही, ही त्याची जुनी सोय. सोनमला ती लहानपणापासून पाठ होती.

"स्क्रू काढा तोंडातला."

कोंडीबानं नुसती मान हलवली.

उंबऱ्यात हुलगे निवडत बसलेली धोंडुबाई म्हणाली, "काढंल की. जेवायच्या टायमाला तर काढंल."

"आये, तू हसू नगंस. उद्या सांगलीत पुराचा सराव हाय. सरकारी मानसं येनार, बोटवाले येनार. मंडळाच्या टेबलावर मी बसनार. रिपीटर उघडला न्हाई तर तोंड कुनाचं पडंल?"

कोंडीबानं स्क्रू काढला. "टेबलावर आनि कोन हाय?"

"अवधूतराव."

"मग त्यो उघडंल की. त्याचाच हाय न्हवं रिपीटर. ॲपवर तसंच लिवलंय."

"म्हंजे बदललाय तुमी."

"काय बी बदललं न्हाई." या वेळी त्यानं लेकीच्या डोळ्यांत बघून सांगितलं. "आन समज, बदलला कुनी, तर काय झालं? पन्नास टोन असत्यात. एकेक लावायचा, बटण दाबायचं. पाच मिन्टाचं काम. ज्याला येतं त्याला येतं."

"हवेवर खोटं बोलायचं न्हाई, ह्ये तुमीच शिकवलंय मला."

"आपुन हवेवर कुटं हाय? अंगणात हाय."

 सोनमनं सेट बंद केला आणि आत गेली. बापानं डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं होतं. तिनं ते खरं धरलं. तिची चूक झाली ती इथं.

कोंडीबाचा जन्म मेंढरांच्या वाटेवरचा. सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पूर्वभागातलं हे कुटुंब दिवाळी उरकली की मेंढरं, घोडी आणि संसार घेऊन कृष्णाकाठाला उतरायचं, आणि आखाडाच्या तोंडावर माघारी यायचं. पोराचा कान तिखट. अंधारात नुसत्या घंटीवरून कुठलं मेंढरू कळपाबाहेर गेलं ते सांगायचा. अठराव्या वर्षी सांगलीच्या भरतीत उतरला आणि सैन्याच्या सिग्नलमध्ये निवडला गेला. जबलपूरला मोर्स शिकवायला लागले, तेव्हा बाकीची पोरं रात्रंदिवस घोकायची. याला ते घंट्यांसारखंच वाटलं. एक लांब, दोन आखूड. हे कुठलं मेंढरू, बस्स. सतरा वर्षं नोकरी करून नाईक म्हणून परत आला. विट्याच्या स्टँडजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. भिंतीवरचे चपटे टीव्ही आले आणि दुकान गेलं. कान मात्र राहिला. चाळिशीत त्यानं हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारीची, सरकारी परीक्षा दिली, हवेवरचं नाव म्हणून स्वतःचा कॉलसाइन मिळवला, आणि घराच्या छपरावर तारा ताणून कुठं कुठं बोलायला लागला.

हातातल्या सेटचा आवाज फार लांब जात नाही. मध्ये डोंगर आला की संपलं. म्हणून उंचावर रिपीटर बसवतात. बायकोनं विचारलं तेव्हा कोंडीबानं तिला तिच्याच भाषेत सांगितलं होतं, "आपुन टेकाडाच्या ह्या अंगाला वरडलो तर त्या अंगाच्या मेंढक्याला ऐकू जातंय का? न्हाई. मग टेकाडावर एक मानूस हुबा करायचा. त्यानं आपलं ऐकायचं आन तिकडं मोठ्यानं वरडायचं. तसा ह्यो डबा."

"मग मानूसच हुबा करा की," धोंडुबाई म्हणाली, "मानसाला पॅनल तरी लागत न्हाई."

त्यानं टॅक्सीवाल्यांचे दोन जुने सेट मिळवले. एक ऐकायला, एक बोलायला. एक लोखंडी कपाट, एक पॅनल, ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या. वस्तीपासून तीन किलोमीटरवरच्या लिंगीच्या डोंगरावर हे सगळं त्यानं भावाच्या घोडीच्या पाठीवरून नेलं. घोडीनं आयुष्यभर संसार वाहिला होता. तिला लोखंडाचं काही वाटलं नाही. भलत्यासलत्यानं रिपीटर उघडू नये म्हणून त्यात टोन ठेवला. टोन म्हणजे बोलणाऱ्याच्या आवाजाखाली त्याचा सेट सोडतो तो बारीक सूर. माणसाच्या कानाला तो कळत नाही, रिपीटरला कळतो. नुसतं ऐकायला तो लागत नाही, बोलायला लागतो. सूर ओळखीचा असला तरच तो दार उघडतो आणि उघडल्याची खूण म्हणून शेवटी एक 'टुक्' देतो. कोंडीबानं तेव्हा टोन ठेवला ८८.५.

रिपीटरचा परवाना माणसाच्या नावावर मिळत नाही, संस्थेच्या नावावर मिळतो, असं त्याला सांगण्यात आलं. सांगणारे अवधूतराव. सांगलीच्या वखारभागातलं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान, गोड बोलणं, जिल्ह्यातल्या हॅम मंडळाचं अध्यक्षपद. कोंडीबानं कागदावर सही केली. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. डोंगर तिथंच होता, डबा तिथंच होता.

मग एकोणीसचा पूर आला. सांगलीत पाणी, मोबाईल बंद, आणि आभाळ असं भरलेलं की पॅनलला दिवसच्या दिवस ऊन नाही. कोंडीबा नऊ दिवस डोंगरावर राहिला. खाली वस्तीवर ट्रॅक्टर चालू ठेवून बॅटऱ्या भरायच्या, घोडीवर लादून वर न्यायच्या, उतरलेल्या खाली आणायच्या. बॅटरीतल्या ॲसिडनं त्याच्या घोंगड्याला चाळणीसारखी भोकं पडली. घोडीच्या बरगडीवरचे केस गेले ते परत आलेच नाहीत. त्या नऊ दिवसांत कुणाला कुठल्या छपरावरून काढायचं, कुठल्या गावात दूध पाहिजे, कुठं बाळंतीण आहे, हे सगळं त्या डब्यातून गेलं.

पाणी ओसरल्यावर सांगलीत सत्कार झाला. शाल अवधूतरावांना मिळाली. धोंडुबाई चिडली, तेव्हा कोंडीबा म्हणाला, "शालीचं काय करू? घोंगडं हाय की माझ्याकडं."

म्हणजे तोवर त्याच्या मनात काही नव्हतं. जे आलं ते मोबाईलमधून आलं.

गेल्या दिवाळीला सोनमनं त्याला नवा फोन आणला. ती कडेगावला खोली घेऊन राहते, तिथल्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवते; बापाकडून शिकून तिनंही परवाना काढलाय. पाडव्याच्या दुपारी तिनं बापाच्या फोनवर एक ॲप टाकलं.

"ह्ये बघा आबा. आपुन जितं उभं हाय तितल्या जवळचे रिपीटर दावतंय. पुण्याचा, कोल्हापूरचा, समदे. कुटं बी जावा, आकडे बघा, सेटमध्ये भरा, आन बोला."

"आपला डोंगर दिसतोय का?"

"पयलाच हाय. अंतर तीन किलोमीटर. तुमच्या घराला सगळ्यात जवळचा रिपीटर."

कोंडीबा इतका हसला की धोंडुबाई बाहेर बघायला आली. मोबाईलला त्याचा डोंगर माहीत होता. त्यानं बोटानं डोंगराचं नाव दाबलं. खाली इंग्रजीत काही ओळी आल्या.

"काय लिवलंय?"

सोनम वाचायला लागली आणि थांबली.

"वाच की."

"देखभाल, अवधूतरावांचं नाव हाय. आन खाली टीप. 'जागेची राखण एक स्थानिक मेंढपाळ करतो.'"

"कोन मेंढपाळ?"

 पाडव्याच्या दिवशी त्या घरात जेवणं अर्धी राहिली.

दुसऱ्या दिवशी कोंडीबानं फोन लावला. अवधूतराव मोकळेपणानं हसले. "अहो कोंडीबा, त्या ॲपवाल्यांना एकच नाव लागतं. परवाना मंडळाचा, मी अध्यक्ष. आणि मेंढपाळ म्हटलं तर त्यात कमीपणा काय? पिढीजात धंदा आहे तुमचा."

"कमीपना न्हाई," कोंडीबा म्हणाला. "मेंढरं म्या राखली. डबा बी राखला. पर त्यो बांधला कुनी, त्ये लिवा."

"बघतो, बघतो."

ॲपमध्ये चूक कळवायची सोय आहे. सोनमनं कळवली. ती दुरुस्ती मंजुरीसाठी जाते, आणि जाते ती त्या रिपीटरची देखभाल करणाऱ्याकडे. म्हणजे अवधूतरावांकडे. आठ दिवसांत उत्तर आलं, नामंजूर. संक्रांतीला पुन्हा कळवली. नामंजूर. शिमग्याला तिसऱ्यांदा. नामंजूर.

त्यानंतर कोंडीबा रोज सकाळी चहाच्या आधी ॲप उघडायचा. अंतर तीन किलोमीटर. देखभाल, अवधूतराव. राखण, मेंढपाळ. बघायचा आणि फोन पालथा ठेवायचा. धोंडुबाई म्हणायची, "देवाला बी एवढं बघत न्हाईत कुनी सकाळी उठून."

मे महिन्यात सोनमनं सहज सांगितलं की सरावाच्या दिवशी अवधूतराव सगळ्या सरकारी लोकांना हे ॲप कसं वापरायचं ते करून दाखवणार आहेत. मोबाईल उघडायचा, रिपीटर शोधायचा, आकडे भरायचे, बोलायचं. कोंडीबानं ते ऐकलं, तोंडात स्क्रू धरला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे डोंगर चढला. कपाटाच्या आत, ऐकणाऱ्या सेटच्या पाठीवर, बारक्या पांढऱ्या खटक्यांची एक रांग असते. त्यानं त्यातले तीन खटके नखानं सरकवले. ८८.५ चं दार बंद झालं, १७९.९ चं उघडलं. ॲपमध्ये ८८.५ तसंच राहिलं. डोंगरावर जो येतो त्यालाच हे कळणार होतं, आणि अवधूतराव पाच वर्षांत डोंगर चढले नव्हते.

शुक्रवारी कृष्णेच्या घाटावर मांडव घातला होता. पंधरा-वीस खुर्च्या, बोटींचे चालक, तलाठी, महसूलच्या एक बाई अधिकारी, त्यांना सगळे मॅडम म्हणत होते. टेबलावर सेट, मांडवाच्या बांबूला बांधलेला उंच अँटेना, आणि सेटपुढं सोनम. साताऱ्यात घरी सेट लावून शरयूताई बसल्या होत्या. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या, मंडळातल्या सगळ्यांत जुन्या सभासद. सांगलीतून रिपीटरवरून हाक द्यायची आणि त्यांनी साताऱ्यातून उत्तर द्यायचं, असं ठरलं होतं.

अवधूतरावांनी मोबाईल उंच धरला. "हे बघा, काही अवघड नाही. ॲप उघडलं. जवळचे रिपीटर आले. हा आमचा लिंगीच्या डोंगरावरचा. मीच बघतो त्याचं सगळं. हा आकडा, हा टोन. सेटमध्ये भरला. आता बोला, सातारा उत्तर देईल."

त्यांनी माइक दाबला, हाक दिली, सोडला.

नदीवर एक बगळा उडाला तेवढाच आवाज.

पुन्हा हाक. पुन्हा काही नाही. मोबाईल वाजला, साताऱ्याहून शरयूताईंचा फोन. "अवधूत, माझ्याकडूनही उघडत नाहीये. मी तुझ्या ॲपवरचेच आकडे भरलेत."

"काहीतरी झालंय डोंगरावर," अवधूतराव खुर्च्यांकडे वळून म्हणाले. "मेंढरं सोडतात तिथं. एखादी वायर ओढली असेल. काय सोनम, तुमच्या लोकांना जरा सांगायला हवं."

खुर्च्यांतून दोघंतिघं हसले.

सोनमनं वर बघितलं नाही. काल अंगणात मिळालेलं उत्तर तिला आता वेगळं ऐकू यायला लागलं होतं. पन्नास टोन असत्यात. पाच मिन्टाचं काम. तिनं माइक अवधूतरावांच्या हातातून घेतला आणि सेटवरची टोनची चकती खालच्या टोकापर्यंत फिरवली.

६७. दाबलं, सोडलं. काही नाही. ६९.३. काही नाही. ७१.९.

"अगं काय करतेयस तू?"

"शोधतेय."

दहाव्याला एक बोटवाला म्हणाला, "ताई, रेडिओ मिरची लावा त्यापेक्षा." हशा झाला. पंधराव्याला मॅडमनी घड्याळ बघितलं. विसाव्याला कुणीतरी मोठ्यानं मोजायला लागलं, एकवीस, बावीस, जसे काही पोरांचे उठाबशांचे आकडे. सोनमच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिचं बोट चकती फिरवत होतं, अंगठा दाबत होता, आणि प्रत्येक दाबण्याबरोबर तिला अंगणातला बाप दिसत होता, मिक्सर मांडीवर घेऊन बसलेला. तीस. एकतीस. मोजणाऱ्यांची संख्या वाढली. तेहतीस.

१७९.९. दाबलं, सोडलं.

टुक्.

मोजणं थांबलं.

सोनमनं सेटच्या आकड्यांवर हात ठेवला, कुणाला दिसू नये असा, आणि माइक तोंडाशी नेला. पहिल्यांदा स्वतःचा कॉलसाइन सांगितला. मग म्हणाली, "सातारा, सांगली, शिराळा, ऐकणारे सगळे. लिंगीच्या डोंगरावरचा रिपीटर चालू आहे. वायर तुटलेली नाही. कुठलंही मेंढरू वर गेलेलं नाही. हा रिपीटर बांधला कोंडीबांनी. सैन्यात सतरा वर्षं सिग्नलमध्ये होते. एकोणीसच्या पुरात नऊ दिवस बॅटऱ्या वाहिल्या त्या त्यांनीच. उत्तर द्यायची गरज नाही, कारण टोन माहीत नसताना तुम्हाला देता येणार नाही. नुसतं ऐका."

तिनं हे सगळं दुसऱ्यांदा सांगितलं. तसा नियमच आहे, महत्त्वाचा निरोप दोनदा द्यायचा.

अवधूतरावांचा मोबाईल परत वाजला. गडबडीत त्यांच्याकडून स्पीकर चालू झाला. "अवधूत, सोनम अगदी स्पष्ट ऐकू येतेय," शरयूताईंचा आवाज मांडवभर पसरला. "आणि काय रे, ते गृहस्थ लष्करातले, हे आम्हाला कधी बोलला नाहीस? मी समजत होते वॉचमन आहेत कोणी."

मॅडमनी चष्मा काढला. "अवधूतराव, देखभाल तुम्ही करता म्हणालात ना? मग टोन किती आहे आता त्याचा?"

अवधूतरावांनी मोबाईलकडे बघितलं. त्यात अजून ८८.५ होतं.

"किती?" मॅडमनी पुन्हा विचारलं.

मांडवातलं कुणीच हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं अवधूतरावांचं तोंड झालं होतं.

गाड्या लावलेल्या चिंचेखाली त्यांनी सोनमला गाठलं. "हे काय केलंस तू? घरच्या गोष्टी अशा चव्हाट्यावर..."

"घरच्या कुठल्या? आमचं घर तुमच्या ॲपवर नुसती 'जागा' आहे."

"बरं, टोन सांग. दुपारी दुसरी फेरी आहे. मला उभं राहायचंय त्या माणसांपुढं."

"आधी मोबाईल काढा. देखभाल, तिथलं नाव बदला."

"परवाना मंडळाचा आहे."

"परवाना राहू दे मंडळाचा. नाव बदला."

ते घाम पुसत टाइप करत राहिले. "आणि मेंढपाळ काढून टाकतो. त्याचाच राग होता ना तुझ्या वडिलांना?"

"काढू नका. मेंढपाळ ठेवा. त्याच्या आधी लिहा, माजी सैनिक, सिग्नल. आणि 'राखण करतो' च्या जागी 'बांधला'."

त्यांनी लिहिलं, मंजूर केलं. सोनमनं आपल्या फोनवर ते आलेलं बघितलं, दोनदा वाचलं.

"१७९.९," ती म्हणाली. तो आकडा त्या क्षणाला अगदी खरा होता. अवधूतरावांनी तोही ॲपमध्ये भरला.

"झालं समाधान?"

"माझं अजून व्हायचंय," सोनम म्हणाली. दुसरी फेरी तिनंच टेबलावर बसून पार पाडली. सातारा बोललं, शिराळा बोललं, मॅडमनी पाठ थोपटली. मग तिनं हेल्मेट घातलं.

दोन तासांच्या वाटेत तिला पाठ थोपटलेली आठवत नव्हती. तेहतीस आठवत होते. वस्तीचा फाटा आला तेव्हा तिनं गाडी तिकडं वळवली नाही. डोंगराच्या पायथ्याला लावली आणि चढली. कपाटाची दुसरी किल्ली तिच्या डिकीतच असते. आत बॅटऱ्यांवर भोकं पडलेलं ते घोंगडं अंथरलेलं होतं. तिनं ते नीट सारखं केलं. मग ऐकणाऱ्या सेटच्या पाठीवरच्या पांढऱ्या खटक्यांवर नख ठेवलं. दोन वर, एक खाली. स्वतःच्या सेटमध्ये नवा आकडा भरून बटण दाबलं.

टुक्.

तिनं कपाटाला कुलूप घातलं.

कोंडीबा अंगणात इस्त्रीचा सदरा घालून उभा होता. घरातून शिऱ्याचा वास येत होता.

"ऐकलं म्या," तो म्हणाला. "समदं ऐकलं. दोनदा सांगितलंस, ब्येस केलंस. आता त्याचं तोंड कसं झालं त्ये सांग. बसून सांग. पानी पी आदी."

सोनमनं पाणी घेतलं नाही. फोन काढून त्याच्या पुढ्यात धरला.

कोंडीबानं सावकाश वाचलं. इंग्रजीतलं स्वतःचं नाव त्याला ओळखू आलं. मग तिच्याकडून वाचून घेतलं. मग पुन्हा एकदा. "मेंढपाळ ठिवलंय की."

"म्याच ठिवायला सांगितलं."

"झ्याक. लय झ्याक." त्यानं खिशातून सेट काढला. "आता म्या सोता हवेवर जातो. अवधूतरावांचं आभार मानतो. साताऱ्यापतुर ऐकू जाऊ दे, किती आभार मानतो त्ये."

"माना की."

त्यानं बटण दाबलं, सोडलं. 'टुक्' आलं नाही. त्यानं आकडा बघितला, १७९.९ च होता. परत दाबलं. टाकीच्या कट्ट्यावर चढून दाबलं.

"बॅटरी उतरली का काय?"

"मे महिना हाय," सोनम म्हणाली.

कोंडीबा कट्ट्यावरून खाली उतरला. त्याच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही, कान तिखटच. "तू डोंगरावर गेली हुतीस."

"काल म्या इचारलं तुमास्नी. डोळ्यात बघून सांगितलंत, काय बी बदललं न्हाई. आज तेहतीस वेळा बटण दाबलं म्या. मानसं मोजत हुती, आबा. उठाबशा मोजाव्यात तशी. त्यो सूड तुमचा हुता, पर माइक माझ्या हातात हुता."

"तू बघावंस म्हनून..." कोंडीबा अडखळला. "तुला सांगितलं आसतं तर तू गेली नसतीस. गेलीस तर त्याला सांगितलं आसतंस. मला पायजे हुतं तू तितं आसावंस. त्याचं तोंड बघायला आपल्यातलं कुनी तरी पायजे हुतं."

"मग बघितलं म्या. त्याचं बी, आन माझं बी."

"गप बसा की आता दोघं," धोंडुबाई शिऱ्याचं पातेलं घेऊन दारात आली. "गरम हाय तवर खावा."

कोंडीबानं सेट पुढं केला, मेंढरू विकायला काढल्यासारखा. आवाज खाली आला होता. "बाय, माझा रिपीटर हाय त्यो. ॲपवर बी आता माझंच नाव हाय. म्याच उघडू शकलो न्हाई तर मानसं काय म्हनतील? किती ठिवलायस टोन? मला सांग. येकट्याला सांग."

"ज्याला येतं त्याला येतं, म्हनत हुतासा न्हवं," धोंडुबाई म्हणाली आणि पातेलं खाली ठेवलं. "पन्नास असत्यात म्हनं."

"तू गप. सोनम, किती ठिवलायस?"

सोनमनं हेल्मेट उचललं. दाराशेजारच्या खिळ्याला डोंगरावरच्या कपाटाची पहिली किल्ली लटकत होती. ती काढून तिनं खिशात टाकली, अंगण ओलांडलं, आणि कडेगावच्या वाटेला लागली.